कॉलचं बटण बंद करताना आपण नेमकं काय बंद करतो?

संशोधन-पद्धतीच्या प्रकरणात 'सर्वेक्षकांच्या उपकरणांवर कॉलची सोय बंद ठेवली होती' अशा अर्थाचं एक वाक्य असतं. आपण ते वाचून पुढे जातो. माझा आक्षेप तिथेच आहे: बंद ठेवली म्हणजे नेमकं काय केलं?

हेतू चुकीचा नाही. मुलाखतीत फोन वाजला की समोरच्याचं लक्ष उडतं, फॉर्म अर्धवट राहतो. पण उपाय दोन आहेत, आणि आपण ते एकच समजतो.

पहिला, बटणच मारायचं. जुन्या विंडोज मोबाईल हँडहेल्डवर हिरवं आणि लाल अशी दोन बटणं असत. सिस्टीमच्या लेखी ती एफ३ आणि एफ४. अ‍ॅप ती स्वतःकडे नोंदवून घेई आणि दाब गिळून टाकी. अडचण अशी, की बटण दाबताना कॉल कोणाला जाणार हे अ‍ॅप बघतच नाही. मग मैत्रिणीचा कॉलही अडतो आणि ११२ चाही.

दुसरा, कॉल रोखायचा. अँड्रॉइडमध्ये उपकरणाचं व्यवस्थापन करणारं अ‍ॅप बाहेर जाणाऱ्या कॉलवर निर्बंध घालू शकतं. त्यात आपत्कालीन कॉल चालूच राहतात. येणाऱ्या कॉलसाठी रिंग बंद ठेवली की झालं.

आता सुप्याचा विचार करा. एमआयडीसीतल्या कामगारांना गाठायचं तर शिफ्ट सुटल्यावरच. म्हणजे अंधार पडताना, भाड्याच्या खोल्यांवर, आणि हँडहेल्ड घेऊन जाणारी बऱ्याचदा एकटी मुलगी. अशाच प्रसंगासाठी केंद्राने २०१६ मध्ये पॅनिक बटणाचे नियम केले: स्मार्टफोनवर पॉवर बटण झटपट तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. विकताना दिलेली ही सोय आपण 'डेटाच्या दर्जासाठी' काढून घेतो, आणि नैतिकतेच्या अर्जात फक्त उत्तरदात्याच्या सुरक्षेबद्दल लिहितो. सर्वेक्षक त्या अर्जात कुठेच नसते.

म्हणून पायलटच्या आधी तीन गोष्टी लिहून काढा: बटण मारलं की कॉल रोखला, आपत्कालीन कॉल कुठल्या सेटिंगमुळे चालू आहे, आणि हे सर्वेक्षकाला सांगितलंय का. (तपासायला म्हणून ११२ ला उगाच फोन लावू नका, सेटिंग वाचा.) उत्तरं येत नसतील, तर ते एक ओळीचं वाक्य प्रबंधात टाकायचा हक्क आपल्याला अजून मिळालेला नाही.