बरणी, यादी आणि भूक : ब्रिटिश बालपणाच्या खाऊचे स्मरणरंजन

स्मरणरंजनाचा सर्वांत सोपा घाट यादीचा असतो. ब्रिटनमध्ये बालपणीच्या खाऊविषयी जे लिहिले जाते त्यातले बरेचसे याच घाटाचे आहे. शर्बत फाउंटन, ब्लॅक जॅक, स्पँगल्स, एंजल डिलाइट अशी एकेक नावे घ्यायची, शेजारी पेनीतली किंमत मांडायची आणि शेवटी गेलेल्या दिवसांबद्दल सुस्कारा टाकायचा. वाचकाने मान डोलवावी एवढीच अपेक्षा. हे लेखन वाचताना मला एक प्रश्न सतत पडत आला आहे : या याद्यांमधला 'आम्ही' नेमका कोण? रोआल्ड डाल, नायजेल स्लेटर आणि मीरा स्याल या तिघांच्या पुस्तकांच्या आधारे मी त्याचे उत्तर शोधू पाहतो. खाऊच्या आठवणीला वाङ्मयीन मोल येते ते खाऊच्या नावामुळे नव्हे. तो कोणाच्या हातून मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, याचा हिशेब लेखक ठेवतो तेव्हा ते येते, असे माझे म्हणणे आहे.

या 'आम्ही'ला एक खरा ऐतिहासिक आधार आहे, तो आधी मान्य करायला हवा. जुलै १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटांवर रेशन आले. प्रमाण बदलत राहिले, पण बराच काळ ते चार आठवड्यांना माणशी १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम होते. एप्रिल १९४९ मध्ये रेशन उठवले गेले. मागणी इतकी उसळली की पुरवठा अपुरा पडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पुन्हा लागू करावे लागले. ते कायमचे संपले ५ फेब्रुवारी १९५३ रोजी. १९४९ मधले ते थोडे महिने सोडले तर, युद्धाच्या सुरुवातीला जन्मलेले मूल कळू लागल्यापासून तेरा वर्षांचे होईपर्यंत कुपनाशिवाय गोळी विकत घेऊ शकत नव्हते. या पिढीच्या तोंडी बरणी, तराजू आणि कागदाची पुडी हे शब्द येतात तेव्हा त्यांत एक समान अनुभव खरोखरच असतो. तिची यादी ही टंचाईची नोंद आहे.

पुढच्या पिढ्यांची यादी मात्र वेगळी आहे. ती पदार्थांची कमी आणि व्यापारी नावांची अधिक आहे. मार्स १९३२ मध्ये आले. १९३५ मध्ये एरो आणि पुढे किटकॅट म्हणून ओळखला गेलेला बार, १९३७ मध्ये स्मार्टीज आणि रोलो. राजे-राण्यांच्या सनावळ्यांऐवजी शाळेत या सनावळ्या शिकवाव्यात, असे डालने उतारवयात गमतीने लिहिले होते. गमतीखाली एक तथ्य दडले आहे : विसाव्या शतकातल्या ब्रिटिश माणसाच्या अत्यंत खाजगी आठवणी कारखान्याच्या वेष्टनात बांधून आल्या. १९९० मध्ये मॅरेथॉनचे स्निकर्स झाले, १९९८ मध्ये ओपल फ्रूट्सचे स्टारबर्स्ट झाले. वडी तीच, बदलले ते नाव. तरी बालपणच हिरावल्याची हळहळ आजही व्यक्त होते. शोक चवीचा नसून नाममुद्रेचा असू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

डालचे 'बॉय' (१९८४) या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहे. लँडाफच्या शाळेतून घरी येताना लागणारे गोळ्यांचे दुकान हे त्या पुस्तकातले सर्वांत गाजलेले स्थळ. त्यातली लिकोरिसची वादी, शर्बत, रंग बदलणारे गॉबस्टॉपर अनेकांनी आपल्या यादीत उचलून घेतले. उचलताना गाळले ते दुकानदारीणबाईंचे मळके हात, मुलांनी बरणीत टाकलेला मेलेला उंदीर, आणि त्या बाईंच्या देखत व त्यांच्या चिथावणीने मुख्याध्यापकांनी मुलांवर चालवलेली छडी. डालच्या लेखी गोडी आणि मार एकाच प्रकरणात आहेत. पुढे रेप्टनच्या शाळेत कॅडबरीकडून नव्या चॉकलेटांचे नमुने येत आणि मुले त्यांना गुण देत. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' (१९६४) या कथेचे बीज डालने तिथे दाखवले आहे. त्या कथेचा नायकही खाऊने वेढलेला मुलगा नाही. त्याच्या घरी कोबीचे पाणीदार सार शिजते आणि चॉकलेट वर्षातून एकदा, वाढदिवसाला मिळते. कारखान्याचा वास त्याला रोज येतो, आत जाता येत नाही.

पण याच पुस्तकात डालची नजर एका ठिकाणी आंधळी होते. पहिल्या आवृत्तीत कारखान्यातले ऊम्पा-लूम्पा हे आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले ठेंगणे कृष्णवर्णीय लोक होते आणि त्यांची मजुरी कोकोच्या बियांत दिली जात होती. टीकेनंतर १९७३ मध्ये त्यांचे रूप बदलले गेले. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडबरी पोर्तुगीजांच्या ताब्यातील साओ टोमे बेटाचा कोको घेत होती आणि तिथले मजूर नावापुरते करारबद्ध, प्रत्यक्षात गुलाम होते. हेन्री नेव्हिन्सन यांनी १९०६ मध्ये 'अ मॉडर्न स्लेव्हरी'त या व्यवस्थेचे वर्णन केले. 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने कंपनीवर दांभिकपणाचा आरोप केला, तेव्हा क्वेकर पंथीय, सचोटीसाठी ख्यात अशा कॅडबरी कुटुंबाने बदनामीचा दावा लावला. निकाल लागण्याआधीच, १९०९ मध्ये, कंपनीने तिथली खरेदी थांबवली होती. त्याच वर्षाअखेरीस तिने दावा जिंकला. ज्युरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पेनीतल्या किमती आठवणाऱ्या याद्यांत या पाव पेनीला जागा नसते.

स्लेटर यांच्याबाबतीत तुलना अधिक सोपी होते, कारण यादी आणि कथा दोन्ही त्यांच्याच लेखणीतून आल्या आहेत. 'ईटिंग फॉर इंग्लंड' (२००७) हे ब्रिटिश खाण्यावरच्या छोट्या टिपणांचे पुस्तक. चुरचुरीत, प्रसन्न, आणि मिटल्यावर फारसे न उरणारे. त्याआधीचे 'टोस्ट' (२००३) हे आत्मकथन मात्र उरते. त्यातही प्रकरणांना पदार्थांचीच नावे आहेत, पण प्रत्येक नावामागे माणूस उभा आहे. टोस्ट करपवणारी आई लेखक नऊ वर्षांचा असताना जाते. मार्शमेलो हा चुंबनाच्या सर्वांत जवळचा पदार्थ, असे मुलाने शाळेच्या निबंधात लिहिलेले असते. आई गेल्यावर वडील रोज रात्री त्याच्या उशाशी मार्शमेलो ठेवू लागतात. प्रेम बोलून दाखवता न येणाऱ्या, मुलाच्या हळवेपणाने बेचैन होणाऱ्या बापाचे हे मूक भाषांतर आहे. इथे मार्शमेलोची किंमत सांगितली असती तर सगळे विझून गेले असते. पुस्तकाच्या उपशीर्षकात 'भूक' हा शब्द आहे, तो उगाच नाही.

स्लेटर यांचा जन्म १९५६ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनचा. मीरा स्याल यांचाही जन्म तिथलाच, १९६१ चा. त्यांच्या 'अनिता अँड मी' (१९९६) या कादंबरीतले टॉलिंग्टन हे काल्पनिक गाव त्याच परिसरात आहे. याच शहराचे एक खासदार इनोक पॉवेल यांनी एप्रिल १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण केले, हे ध्यानात ठेवले की मीनाच्या खाण्याच्या हट्टाचा अर्थ उलगडतो. आईच्या पैशांनी गोळ्या घेऊन खोटे बोलणारी ही पंजाबी मुलगी कादंबरीच्या आरंभीच गावच्या दुकानाशी बांधली जाते. घरात आई मन लावून पंजाबी जेवण रांधते. मीनाला हवे असतात फिश फिंगर. ते खाल्ले की आपण इथले होऊ, असा तिचा बालहिशेब आहे. मैत्रीण अनिता जेवायला येते तेव्हा तिच्यासाठी फिश फिंगर होतात, आणि ती घरच्यांना हाताने जेवताना पाहून चकित होते. ज्या पदार्थाकडे यादीकार 'आमचा' म्हणून पाहतो, तोच मीनासाठी प्रवेशपत्र आहे, आणि ते खिशात असूनही दार पुरते उघडत नाही.

या तीन लेखकांत एक साम्य मला महत्त्वाचे वाटते. तिघांनीही खाऊ आठवला आहे तो दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून. चार्ली गरिबीमुळे बाहेर आहे, स्लेटर आईवाचून, मीना वर्णामुळे. यादी हे अंतर पुसते आणि सगळ्यांना एकाच गोड भूतकाळात ओढते. कथा ते अंतर राखते. म्हणून यादी वाचून सुख होते आणि कथा वाचून समजते.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. लिमलेटच्या गोळ्या, चिंचा-बोरे आणि शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा यांच्या याद्या आपल्याही दिवाळी अंकांतून दरसाल येतात, आणि त्यांतही 'आम्ही' मोकळेपणाने वावरतो. त्या वाचताना विचारावा असा प्रश्न एकच आहे : गोळा विकणाऱ्याची मुले त्या वेळी काय खात होती? हा प्रश्न ज्या लेखात सुचतो, त्यातली लिमलेटची गोळी जास्त वेळ तोंडात राहते.