जीवाणूंचा कारखाना : एका अपुऱ्या चित्राविषयी

जनुकीय अभियांत्रिकीच्या धड्यात एक चित्र हमखास असते. जनुक कापले, जीवाणूत बसवले आणि जीवाणू हवे ते प्रथिन बनवू लागला! चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. १९७८ साली ई. कोलाय जीवाणूत मानवी इन्शुलिन तयार झाले, तेव्हाही त्याच्या दोन साखळ्या जीवाणूंच्या वेगवेगळ्या वाणांत बनवून नंतर प्रयोगशाळेत जोडाव्या लागल्या होत्या. चित्रात ही जोडणी कुठेच दिसत नाही.

आपल्या परिचयाच्या एरंडाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या बियांत रायसिन नावाचे जहाल विषारी प्रथिन असते. त्याची 'ब' साखळी पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करेला चिकटते. 'अ' साखळी पेशीत शिरून रायबोसोमच्या आरएनएमधील नेमके एक अ‍ॅडेनिन काढून टाकते. प्रथिननिर्मिती थांबते आणि पेशी मरते. ही 'अ' साखळी ई. कोलायमध्ये बनवता येते. मग तो जीवाणू स्वतः कसा मरत नाही? कारण त्याच्या रायबोसोमवर रायसिनचा फारसा परिणाम होत नाही. उलट, अमेरिकेतील पोकवीड या वनस्पतीचे विषाणुरोधक प्रथिन जीवाणूच्या रायबोसोमवरही हल्ला करते. १९९३ साली त्याचे जनुक तंबाखू व बटाट्यात घालून विषाणूंना प्रतिकार करणारी रोपे मिळाली. परंतु ते जीवाणूत बनवू पाहिले, तर कारखानाच धोक्यात येतो.

दुसरी गोष्ट शर्करांची. एरंड 'अ' साखळीला शर्करा जोडतो, ई. कोलाय जोडत नाही. ही उणीव वाटेल. पण याच शर्करांमुळे यकृत ते प्रथिन रक्तातून झपाट्याने उचलते. प्रतिपिंडाला जोडून हे विष कर्करोगाच्या पेशींपर्यंत पोचवायचे असेल, तर शर्करा नसणेच सोयीचे! पुढे अमेरिकेत एलन व्हिटेटा यांच्या गटाने दोन अमिनो आम्ले बदलून 'अ' साखळीचा विषारीपणा घालवला. ई. कोलायमध्ये बनवलेल्या त्या प्रथिनाची रायसिनविरुद्धची लस म्हणून माणसांवर चाचणीही झाली.

तेव्हा शिक्षकमित्रहो, चित्र खुशाल काढा. पण त्याखाली तीन प्रश्न लिहा. हे प्रथिन जीवाणूला मानवेल का? त्याची घडी नीट पडेल का? त्याला शर्करा हव्यात की नकोत? 'जीवाणू काहीही बनवतो' एवढेच शिकलेला विद्यार्थी चित्र पाठ करील. हे प्रश्न विचारणारा मात्र प्रयोग आखू लागेल.