रघुवंशांतील मृगया आणि रक्ताचा माग

रघुवंशाच्या नवव्या सर्गांतील मृगयावर्णन रसिक वाखाणतात, तें योग्यच आहे. नराच्या आड हरिणी आलेली पाहून दशरथ ताणलेला बाण आवरतो, हा प्रसंग कोणास विसरतां येईल? आमचा आक्षेप निराळा आहे. राजाच्या आधीं कुत्रेवाले व जाळेवाले वनांत शिरतात. पण पुढें त्या कुत्र्यांस कवीनें कांहीं काम दिलेलें आम्हांस आढळत नाहीं. वस्तुतः त्यांचें थोर काम बाण लागल्यानंतरचें.

जर्मन शिकाऱ्यांच्या भाषेंत 'श्वाइस' म्हणजे रक्त, आणि जखमी हरणाचा माग काढणारा कुत्रा तो 'श्वाइसहुंड'. कित्येक तास आधीं रक्ताचे थेंब टाकून केलेल्या वाटेवर, लांब दोरीस धरून, त्यास शिकवितात. ताजा वास आडवा आला तरी जुना माग सोडावयाचा नाहीं, ही त्याची परीक्षा. जखमी जीव रानांत तडफडत सोडूं नये, हा त्यामागील धर्म.

चांदूर रेल्वेजवळच्या पोहरा-मालखेडच्या रानांत आज शिकार नको. १९७२ च्या कायद्यानें ती गुन्हाच आहे. परंतु फासांतून सुटून वा मोटारीची धडक लागून झुडपांत शिरलेल्या चितळास शोधावयास असें नाक कामास येईल.

सर्गाच्या शेवटीं हत्ती समजून सोडलेल्या बाणामागें दशरथ स्वतः धांवतो, आणि वेतांच्या आड त्यास मुनिकुमार सांपडतो. हरणांच्या वेळीं टळलेला शोध येथें टळत नाहीं. सर्गाचें खरें मोल आम्ही येथें मानतों.