उत्स्फूर्त उत्सर्जन आणि बद्ध आयनाची गती-अवस्था : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पुंजयांत्रिकीच्या अध्यापनात उत्स्फूर्त उत्सर्जनाकडे बहुधा विघातक घटक म्हणून पाहिले जाते. प्रकाशकण बाहेर पडला की अणूची नाजूक अवस्था भंगते, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. १९९६ मध्ये पोयातोस, सिराक व झोलर यांनी याउलट विचार मांडला. सापळ्यातील आयनाचा परिसराशी असलेला संबंध योजनापूर्वक घडविल्यास त्यातूनच इष्ट गती-अवस्था मिळू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१५ मध्ये ईटीएच झुरिक येथील जोनाथन होम यांच्या गटाने एका कॅल्शियम आयनावर ते सिद्ध करून दाखविले. प्रस्तुत लेखात ‘उत्सर्जनातून निर्मिती’ या संकल्पनेची चिकित्सा केली आहे.

प्रयोगाचे स्वरूप :
७२९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचे दोन घटक आयनावर एकाच वेळी सोडले जातात. एक दोलनाची ऊर्जा एका पायरीने घटवितो, दुसरा वाढवितो. त्यांची सापेक्ष तीव्रता व कला निश्चित केली की आयन ज्यात प्रकाश शोषत नाही, अशी एकच गती-अवस्था उरते. अन्य अवस्थांत तो शोषण करतो, साहाय्यक लेसरमुळे प्रकाशकण उत्सर्जित करून मूळ अंतर्गत पातळीवर येतो आणि हे चक्र पुन्हा सुरू होते. अखेर तो त्या ‘अदीप्त’ अवस्थेत स्थिरावतो. संपीडित अवस्था अशाच रीतीने मिळाली.

चिकित्सा :
येथे निर्मितीचे श्रेय उत्सर्जनाला द्यावे काय? अवस्थेचे रूप लेसरच ठरवितात. प्रकाशकण ते रेखाटत नाही. मात्र लेसरची क्रिया स्वतः प्रतिवर्ती असते. तिला एकदिशा देण्याचे आणि एन्ट्रॉपी बाहेर नेण्याचे कार्य उत्सर्जनच करते. म्हणूनच अंतिम अवस्था आरंभीच्या अवस्थेवर अवलंबून राहत नाही, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

१९९६ मध्येच अमेरिकेतील एनआयएसटी येथे वाइनलँड यांच्या गटाने बेरिलियम आयनावर लेसर-स्पंदांनी संपीडित अवस्था निर्माण केली होती. परंतु तेथेही प्रथम आयन थंड करावा लागला आणि ते शीतन उत्सर्जनाविना अशक्य होते. त्यामुळे ‘नियंत्रित’ व ‘उत्सर्जनाधारित’ हा भेद वाटतो तितका मूलगामी नाही.

मर्यादाही नोंदवावयास हव्यात. उत्सर्जनाच्या वेळी बसणारा धक्का आयनाच्या गतीला क्वचितच बाधा आणील, इतका आयन घट्ट बद्ध असावा लागतो. शिवाय इष्ट अवस्था ही साध्य होणाऱ्या एखाद्या लेसर-योजनेची अदीप्त अवस्था असावी लागते.

निष्कर्ष :
उत्सर्जन स्वभावतः विघातकही नाही आणि सर्जकही नाही. ते कोणत्या योजनेत घडते, यावर त्याचे फलित ठरते. ‘परिसराशी संपर्क म्हणजे पुंजगुणांचा नाश’ हे वर्गात सांगितले जाणारे विधान या दृष्टीने दुरुस्त करणे आवश्यक आहे.