दुसरा ईयोब? : संत जोसेफ कालासान्स यांच्या चरित्रांविषयी

संतचरित्र हा आपल्या घरोघरी सर्वांत अधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १७६७ साली, रोममध्ये पोप तेरावे क्लेमेंट यांनी जोसेफ कालासान्स या स्पॅनिश धर्मगुरूंना संतपद बहाल केले. दोन्हीकडच्या चरित्रलेखनाचा साचा आश्चर्य वाटावे इतका सारखा आहे : भक्ताची निष्ठा, दुर्जनांचा छळ आणि अखेर देवाने दिलेला कौल. या साच्याने पिढ्यान् पिढ्या श्रद्धा जोपासली, हे मी नाकारीत नाही. परंतु काही आयुष्ये त्यात मावत नाहीत. कालासान्स यांचे आयुष्य त्यांपैकी एक आहे.

आरागॉन प्रांतातील पेराल्ता दे ला साल या गावी १५५७ साली त्यांचा जन्म झाला. १५८३ साली गुरुदीक्षा मिळाली आणि १५९२ साली ते रोमला आले. कशासाठी? मायदेशातील एखाद्या महामंदिरात मानाची जागा मिळावी म्हणून! चरित्रकार हा तपशील लगबगीने ओलांडतात. मला तो फार मोलाचा वाटतो. बढतीसाठी आलेला हा मनुष्य सेवाभावी संघाबरोबर रोमच्या गरीब वस्त्यांतून हिंडू लागला, तेव्हा गल्लीबोळांत वाढणारी निरक्षर मुले त्याच्या दृष्टीस पडली. वस्तीतील शिक्षकांना, येशूसंघीयांना, डॉमिनिकन धर्मगुरूंना त्याने विनविले, की या मुलांना फुकट शिकवा. प्रत्येकाची अडचण होती आणि प्रत्येकाची अडचण खरी होती. अखेर त्रास्तेवेरे भागातील सांता दोरोतेआ धर्मग्रामाचे धर्मगुरू आंतोनिओ ब्रेंदानी यांनी दोन खोल्या दिल्या, शिवाय स्वतः शिकवायलाही उभे राहिले. १५९७ साली तेथे भरलेली शाळा युरोपातील पहिली मोफत सार्वजनिक शाळा मानली जाते. (ब्रेंदानींच्या वाट्याला चरित्रांतून एखादे वाक्य येते. धर्मग्रामाची खोली कोणाला द्यायची यावरून किती बैठका होतात हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांना निदान एक परिच्छेद तरी देईल.)

शाळेच्या कारभाराचे वर्णन हा या चरित्रांचा सर्वोत्तम भाग होय. वाचन, लेखन, व्यवहारापुरते गणित आणि पुढे लॅटिन. सुरुवातीला प्रवेशासाठी गरिबीचा दाखला लागे, नंतर सर्वांनाच दार उघडले. शाळा सुटली की शिक्षक मुलांच्या रांगेबरोबर चालत जाऊन त्यांना घरी पोहोचवीत. संस्थापक स्वतः घंटा बसवायला शिडीवर चढले आणि पडून पाय मोडून घेतला. १६१७ साली पोप पाचवे पौल यांनी या संस्थेला मान्यता दिली, १६२१ साली ती पूर्ण संन्यस्त संघ झाली आणि नेहमीच्या तीन व्रतांना शिक्षणाचे चौथे व्रत जोडले गेले. आज जग त्यांना पायरिस्ट म्हणून ओळखते.

इथवर साचा टिकतो. पुढे तो तडकतो. १६४२ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, संस्थापकांना धर्मन्यायालयाच्या आज्ञेने अटक झाली आणि रोमच्या रस्त्यांतून नेण्यात आले. त्यांचे अधिकार काढून घेण्यात आले. संघाची सूत्रे प्रथम मारिओ सोत्झी व १६४३ नंतर स्तेफानो केरुबिनी यांच्या हाती गेली. १६४६ साली पोप दहावे इनोसंट यांनी संघाचा दर्जाच काढून घेतला. २५ ऑगस्ट १६४८ रोजी कालासान्स वारले, तेव्हा त्यांचे जीवनकार्य मोडून पडले होते. संघाला संपूर्ण दर्जा परत मिळाला तो १६६९ साली.

‘दुसरा ईयोब’ ही उपमा येथूनच त्यांना चिकटली. पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झालेल्या कार्डिनल लांबेर्तिनींच्या नावावर ती सांगितली जाते. उपमा सुंदर आहे, म्हणूनच घातक आहे. ईयोबावरील संकटे त्याच्या कृतीतून उद्भवलेली नव्हती. त्या ग्रंथाचा सारा पेच त्यावरच उभा आहे. कालासान्स यांच्याबाबत तसे म्हणता येईल काय?

ब्रिटिश इतिहासकार करेन लीब्राइक यांच्या ‘फॉलन ऑर्डर’ (२००४) या ग्रंथाने हा प्रश्न टाळणे अशक्य केले आहे. केरुबिनी हा बड्या घरचा मुलगा. पोपच्या आज्ञापत्रांचा संग्रह सिद्ध करणारे कायदेपंडित लाएर्झिओ केरुबिनी त्याचे वडील. १६२९ साली तो नेपल्सच्या शाळेचा प्रमुख असताना त्याने विद्यार्थ्यांवर लैंगिक अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. संस्थापकांनी त्याला तेथून हलविले, पण हलविले ते बढती देऊन : संघाच्या शाळांचा तपासनीस करून! संघाची आणि त्या घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून खरे कारण झाकले गेले. चौदा वर्षांनी तोच माणूस त्यांच्या जागेवर बसला.

जुनी चरित्रे या दुष्टाव्याला ‘महत्त्वाकांक्षा’ आणि ‘असूया’ अशी नावे देतात. ही केवळ भिडस्त भाषा नव्हे, तो कथानकाचाच खोटेपणा आहे. खरे कारण वगळल्यामुळे केरुबिनीचा उदय आकाशातून पडलेल्या संकटासारखा दिसतो आणि ईयोबाची उपमा शोभू लागते. या मांडणीत एक पात्र समूळ नाहीसे होते : नेपल्सची ती मुले. ज्यांच्यासाठी चौथे व्रत घेतले, तीच चरित्रातून हद्दपार व्हावीत, याहून मोठा वाङ्मयीन दोष कोणता?

लीब्राइक यांचा ग्रंथही निर्दोष नाही. अमेरिकन आवृत्तीचे उपशीर्षक कारस्थान, पाखंड आणि लफडी यांची जाहिरात करते, आणि त्या सुरात शाळेतील रोजच्या कष्टांचा आवाज बुडतो. गॅलिलिओशी या संघाचा असलेला संबंध एवढाच निराळ्या लेखाचा विषय आहे. शिक्षा भोगणाऱ्या आंधळ्या शास्त्रज्ञाच्या सोबतीला आपल्या एका सदस्याला रात्री राहू द्यावे, असे १६३९ साली लिहिणारा वृद्ध भित्रा नव्हता. मग नेपल्सच्या बाबतीत तो का कचरला? माझे मत असे, की गॅलिलिओच्या बाबतीत धोका स्वतःला होता, नेपल्सला धोका संस्थेला होता. आणि चांगली माणसे स्वतःपेक्षा संस्थेसाठी अधिक घाबरतात. कालासान्स यांची चार हजारांहून अधिक पत्रे प्रसिद्ध झालेली आहेत. मराठीत चरित्र लिहू इच्छिणाऱ्याने तेथून प्रारंभ करावा.

कोणी विचारील, संताचे हे दोष कुटुंबांपुढे कशाला मांडायचे? उत्तर असे, की आपण आपली मुले शाळांच्या स्वाधीन करतो. तक्रार दडपणारा वरिष्ठ स्वतः दोषी ठरतो, असा कायदा पोप फ्रान्सिस यांना २०१९ साली करावा लागला. १९४८ साली पोप पायस बारावे यांनी ज्यांना ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते संत घोषित केले, त्यांच्याच चरित्रात या कायद्याची निकड दिसते. ती पाने फाडून वाचण्यात भक्ती कसली?

शब्दांना जे साधले नाही ते एका चित्रकाराला साधले असे मला वाटते. फ्रान्सिस्को गोया हा आरागॉनचाच. झारागोझा येथे पायरिस्टांच्याच शाळेत शिकलेला. १८१९ साली माद्रिदच्या त्यांच्या चर्चसाठी त्याने कालासान्स यांचे अंतिम कम्युनियन रंगविले, आणि मिळालेल्या मोबदल्यातला बराचसा परत केला. चित्रात विजय नाही, छळणारे दुर्जनही नाहीत. काळोखात गुडघे टेकलेला, डोळे मिटलेला एक थकलेला म्हातारा पापक्षमेच्या पलीकडचे काही मागत नाही. वाकलेला धर्मगुरू त्याच्या ओठांशी ख्रिस्तशरीर नेतो आहे. आणि सभोवारच्या अंधारात, चरित्रकारांना जी दिसली नाहीत, ती मुले उभी आहेत.