जरा दुःखी बसा!

फोटोग्राफर आपल्याला 'जरा हसा' म्हणतो. 'जरा मरा' म्हणणारा कलावंत मात्र मला परवा प्रथमच भेटला. येव्गेनी बावर या रशियन दिग्दर्शकाच्या 'मरणासन्न हंस' या 1917 सालच्या मूकपटात. मुलाच्या लॅपटॉपवर पाहिला. तासाच्या आत आटोपतो. बावरसाहेबांनी सत्तरच्या वर चित्रपट काढले, त्यांतले उरले सव्वीसच्या आसपास. आमच्या बँकेच्या भाषेत, बाकीचं खातं बुडीत.

नायिका गिझेला मुकी आहे. मूकपटात मुकी नायिका! सगळेच मुके, तर हिचं मुकेपण कळायचं कसं? मी हसायच्या तयारीत बसलो होतो, पण वेरा कराल्लीने हसू दिलं नाही. बाई बोल्शॉय थिएटरच्या खऱ्याखुऱ्या नर्तकी. इतरांचे ओठ हलतात आणि मागून पाटी येते. ही नुसती बघते आणि आपल्याला सगळं ऐकू येतं.

प्रियकर व्हिक्टर दगा देतो, तेव्हा ही रंगभूमीवर जाऊन हंसाचं मरण नाचते. ते पाहतो ग्लिन्स्की नावाचा चित्रकार. याला मृत्यूचं चित्र काढायचंय आणि मनासारखा मृत्यू काही मिळत नाहीये! (डोळे इतके गरगरा फिरवतो, की मला त्याच्याच प्रकृतीची काळजी वाटली.) तो तिला समोर बसवतो. तिला स्वप्न पडतं. त्यात चहूकडून नुसते हात तिच्याकडे येतात. त्या हातांसाठी तरी हा चित्रपट पाहाच.

पुढे व्हिक्टर परत येतो, माफी मागतो, लग्नाचं विचारतो. गिझेला आनंदाने उजळून चित्राला बसायला येते. झालं! डोळ्यांतलं मरण गेलं म्हणून चित्रकार तिचा गळा दाबतो आणि चित्र पुरं करायला बसतो.

बरं, चित्र तरी धड असावं? माझ्या मते सुमार. पण मेलेली गिझेला बावरने अशी देखणी दाखवलीय, की खुनाचा थोडा फायदा दिग्दर्शकानेही घेतला असं वाटतं.

हे मी हिला मोठ्या रंगात सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मागे मला ताप आला होता, तेव्हा तुम्ही त्यावर विनोदी लेख लिहीत होतात. तिसऱ्या दिवशी मी उठून चहा ठेवला, तर म्हणालात, इतक्यात कशाला उठलीस?"

मी ते काळजीनेच म्हटलं होतं.

लेख तेव्हा अर्धाच झाला होता, हेही खरं.