कणखर म्हणजे काय रे भाऊ

सह्याद्रीवरचं मराठी लेखन वाचताना मला एका विशेषणाचा मनस्वी कंटाळा येतो: कणखर. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीतापासून कालच्या ट्रेकच्या रीलपर्यंत काळ्या कातळाला एकच काम दिलंय, न वाकण्याचं. आणि मग त्या कातळासारखा तो मराठी माणूस. ही प्रतिमा वापरणाऱ्यांनी दगड जवळून पाहिलाय, असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे ‘कणखर’ म्हणताना आपण कण बघतच नाही.

बघायचेच तर कसाऱ्याच्या थळ घाट परिसरातला बेसॉल्ट बघा. त्याच्या काही थरांत बारीक दाण्यांच्या काळपट दगडात प्लॅजिओक्लेजचे फिकट, पट्टीसारखे स्फटिक रुतलेले असतात, चांगले काही सेंटिमीटर लांब. एकाच दगडात हे दोन आकार कसे?

शाळेतलं उत्तर पाठ असतं: सावकाश थंड झालं की मोठे स्फटिक, झटपट झालं की बारीक. पण का? शिलारस हळूहळू निवतो तेव्हा स्फटिकांची बीजं मोजकीच धरतात आणि अणूंना त्यांच्यापर्यंत पोचायला सवड मिळते. तापमान एकदम कोसळलं की बीजं अगणित, पण वाढायला ना वेळ ना मोकळीक. फारच घाई झाली तर स्फटिक धरतच नाहीत, काच होते.

म्हणजे ते मोठे स्फटिक जमिनीखाली, लाव्हा बाहेर पडण्याआधीच वाढलेले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांत शिलारस त्यांना वर घेऊन आला आणि उरलेला द्रव भराभर गोठला. वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे पाणी झिरपून त्यांत झिओलाइट भरले. हा आपला ‘एकसंध’ कातळ! अर्ध्यावर थांबलेली वाढ, एका जागेहून दुसरीकडे झालेला प्रवास आणि मागाहून आलेले पाहुणे, सगळं त्याच्या पोतात उघड दिसतं. भूमिपुत्राची मूळचा, अढळ, निर्भेळ ही व्याख्या त्याच्यावर टेकवणं म्हणजे चुकीचा साक्षीदार बोलावणं.

पावसाच्या बाबतीत आपली भाषा इतकी आळशी नाही. मृग वेगळा, आर्द्रा वेगळ्या, हस्त वेगळा. दगडाला मात्र काळा आणि कणखर, संपलं. पाथरवट छिन्नी लावण्याआधी दगड ठोकून त्याचा आवाज ऐकतो. कवींनी निदान एखादा ताजा फुटलेला तुकडा ओला करून बघावा; ते फिकट स्फटिक लगेच उठून दिसतात.